बोका गादीवर शू करतो तो रागाने नाही

ताई, तुमचा बोका चार वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला. इतक्या वर्षांत त्याने ट्रे कधी चुकवला नाही आणि गेले तीन आठवडे गादीवर, नाहीतर बाथरूमच्या जाळीपाशी शू करतो, शी मात्र अजून ट्रेमध्येच. मधल्या काळात ट्रे हॉलमधून ड्राय बाल्कनीत गेला आणि नव्या मावशी तो रोज फिनेलने धुतात. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो, सोडून या कुठेतरी.

सोडू नका. मी वीस वर्षं मांजरं पाळतेय, रागाने गादी ओली करणारं एकही पाहिलं नाही. शू करताना दुखलं की मांजराच्या डोक्यात ते दुखणं त्या ट्रेशी जोडलं जातं. मग ते मऊ गादी शोधतं, नाहीतर थंड फरशी. तुमचा बोका या दोन्ही जागा धरतोय, म्हणून माझा पहिला संशय मूत्राशयावर आहे, ट्रेवर नंतर.

आधी एकच गोष्ट बघा, तीही आजच. तो वारंवार बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालची जागा सारखी चाटतोय आणि थेंबच पडतोय किंवा काहीच पडत नाहीये, असं असेल तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, बारीक खडे आणि चिकट गाळाने ती बुजते. पूर्ण तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं.

आमच्या सोन्या बोक्याचं हेच झालं होतं. गणपतीचे दिवस, घरात पंधरा माणसं, दाराशी ढोल. मखरासाठी त्याचा ट्रे मी माळ्याच्या जिन्याखाली ढकलला होता. दुसऱ्या दिवशी तो ट्रेमध्ये पाठ वाकवून बराच वेळ बसलेला दिसला. मला वाटलं पोट साफ होत नाहीये, म्हणून मी जेवणात तूप घातलं. संध्याकाळी त्याला उलटी झाली आणि उचलायला गेले तर पोटाला हात लावू देईना. तेव्हा ट्रे चाळला. ट्रेमधल्या लिटरचे, म्हणजे मांजराच्या वाळूचे, शूने गोळे होतात. एरवी दिवसाला लिंबाएवढे तीन निघायचे, त्या दिवशी वाटाण्याएवढे सात-आठ आणि एकावर गुलाबी डाग. नळी घालून तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तो वाचला. पण ते गोळे मी सकाळीच बघायला हवे होते, हे आजही मनातून जात नाही.

म्हणून सांगते, ट्रे मावशींवर सोडू नका, निदान महिनाभर स्वतः चाळा. गोळे छोटे आणि जास्त असतील तर मूत्राशयाला सूज. नेहमीपेक्षा खूप मोठे असतील आणि पाणीही जास्त पीत असेल तर किडनी किंवा मधुमेह तपासायचा, विशेषतः वय झालेल्या मांजरात. डॉक्टरांकडे लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी मागा. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग फारसा नसतो, बहुतेक वेळा ताणातून आलेली सूज असते, तेव्हा तपासणीशिवाय नुसत्या अँटिबायोटिकवर समाधान मानू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

तपासणीत काही निघालं नाही तर मग ट्रेकडे वळा. तुमच्या घरी दोन गोष्टी मला खटकतात. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन असणार. ते ऐन वेळी फिरायला लागलं आणि तो एकदा दचकून पळाला, तर पुन्हा तिथे जाणं अवघड. ट्रे हॉलमध्ये जुन्या जागी परत आणा, पाहुण्यांना काय वाटेल ते वाटू दे. दुसरं फिनेल. काळ्या फिनेलमध्ये फिनॉल जातीची द्रव्यं असतात आणि मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. पंज्याला लागलेलं चाटून पोटात जातं. पांढऱ्या फिनेलचा उग्र वासही नको. ट्रे गरम पाणी आणि वास नसलेल्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा. मावशींना कारण समजावून सांगितलंत तर त्या नक्की ऐकतील.

झाकणवाले महागडे ट्रे मला पटत नाहीत, आत वास कोंडतो आणि मोठ्या बोक्याला वळता येत नाही. भांड्यांच्या दुकानातला कपडे भिजवायचा मोठा टब घ्या, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी असावा, आणि एका बाजूची कड कापून आत जायला वाट करा. लिटर बारीक, बिनवासाचं, चार बोटं खोल. एका मांजराला दोन ट्रे, आणि दोन्ही एकमेकांना चिकटून नकोत. पावसाळ्यात लिटर दमट राहतं, तेव्हा जास्त लवकर बदलावं लागतं.

गादीवरचा डाग आधी टिपून घ्या, मग एन्झाइमवालं क्लीनर मुरू द्या, नंतर ऊन दाखवा. आपल्याला वास येत नसला तरी त्याला येतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. काही दिवस बेडरूमचं दार बंद ठेवा, बाथरूमच्या जाळीपाशीच दुसरा ट्रे ठेवा. सवय बसली की तो रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या.

रागावू नका आणि नाक घासायला तर मुळीच नेऊ नका, तो लपून शू करायला लागेल आणि मग गोळेही मोजता येणार नाहीत. कोरड्या खाण्यासोबत ओलं खाणं सुरू करा, पाण्याची वाटी ट्रेपासून लांब ठेवा. आज रात्री ट्रे चाळलात की किती गोळे निघाले आणि केवढे, ते इथे लिहा. मी जागी आहे.