सामान उघडण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

चार महिन्यांसाठी फ्लॅट ठरला, हे वाचून बरं वाटलं. थोडेच दिवस काढायचेत म्हणून घराची ओळख करून न घेता राहू नकोस. पहिली संध्याकाळ फक्त त्यासाठी ठेव.

बॅगा बंद असतानाच मोबाइलवर सगळ्या घराचं चित्रीकरण कर. ओलीचे डाग, फुटकी टाइल, कपाटांच्या आतली बाजू आणि शेवटी वीज मीटरचा आकडा. ते त्याच रात्री घरमालकाला पाठव, म्हणजे अनामत परत घेताना तारखेवरून वाद होणार नाही.

मग पाण्याचा मेन कॉक शोध. सिंकखाली, बाथरूममध्ये वरच्या बाजूला किंवा दाराबाहेरच्या डक्टमध्ये तो सापडतो. बंद करून प्रत्येक नळ उघडून बघ, धार थांबली पाहिजे. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम होतो. तसा असेल तर जोर लावू नकोस. दांडा तुटला तर सगळ्या मजल्यांची लाइन बंद करायची वेळ येते. पहिल्याच आठवड्यात तो बदलून माग. मध्यरात्री नळी निसटली तर खालच्या घराचं छत वाचवणारी हीच एक वस्तू आहे, म्हणून इतकं सांगतोय.

बंद घरात शिरताच गटाराचा वास आला तर घाबरू नकोस. मोरीच्या जाळीखाली वळणात साधारण पाच सेंटीमीटर पाणी साचलेलं असतं आणि तेच पाइपातला वायू अडवतं. घर काही आठवडे रिकामं राहिलं की ते सुकतं. प्रत्येक जाळीत लिटरभर पाणी ओत, खिडक्या उघड, तासाभरात फरक पडेल. लांब सुट्टीवर निघताना त्यावर चमचाभर खाद्यतेल सोड, पाणी सावकाश उडतं. रोज वापर असूनही वास परत येत असेल तर पाइपाला हवा मिळत नाही किंवा जोड गळतोय. मग प्लंबरच हवा, अत्तराच्या फवाऱ्याने काही होणार नाही.

साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसला, लिजिओनेला नावाचे, न्यूमोनिया करणारे जीवाणू वाढतात. म्हणून पहिल्या दिवशी गीझर 60 अंशांवर तापू दे आणि गरम-थंड दोन्ही नळ काही मिनिटं सोड. शॉवरचे तुषार छातीत जाऊ नयेत, म्हणून तो सोडताना बाहेर थांब. अंघोळीला मात्र थंड पाणी मिसळायला विसरू नकोस, 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं.

वीजपेटीत विजेची गळती ओळखणारा स्विच असेल तर त्यावर चाचणीचं बटण असतं. दाबताच दांडी पडली पाहिजे. पडली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलाव. हीटर किंवा इस्त्री एक्स्टेंशन बोर्डावर लावू नकोस. 230 व्होल्टवर 2000 वॉटचं उपकरण जवळपास 9 अँपिअर ओढतं, हलक्या बोर्डाची वायर तेवढ्याने तापते.

झोपण्याआधी गादीच्या शिवणी टॉर्च लावून बघ. काळे ठिपके किंवा कातीचे तुकडे दिसले तर ते ढेकूण. तोवर बॅग पलंगावर टाकू नकोस, बाथरूमच्या कोरड्या लादीवर ठेव. ठिपके दिसले तर त्या खोलीत झोपू नकोस आणि घरमालकाला लगेच फोटो पाठव.

ओले कपडे घरात वाळवायचे असतील तर खिडकी उघडी हवी. नाहीतर कपाटामागच्या थंड भिंतीवर बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव.

दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात, तेही मोज. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताने चाचपडत जावं लागतं आणि लिफ्ट तेव्हा वापरायची नसते.

मेन कॉक फिरला की नाही, तेवढं उद्या कळव.