‘सही केली आहे ना, मग आता काय बोलणार?’

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीबरोबर एका पिअर्सिंग स्टुडिओत जाऊन तिने कानाचा वरचा कडक भाग टोचून घेतला. मला विचारून गेली होती, पैसेही मीच माझ्या फोनवरून पाठवले. पावती दिली नाही. सुई न वापरता गनने टोचलं. दुसऱ्या दिवसापासून ठणका लागला, पाचव्या दिवशी कान लालबुंद सुजला आणि पुढे पू काढायला छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. आता कानाची वरची कड आत दुमडल्यासारखी दिसते. स्टुडिओवाले म्हणतात, ‘तिने फॉर्मवर सही केली आहे, जबाबदारी आमची नाही असं त्यात लिहिलंय. शिवाय ती चौथ्या दिवशी पोहायला गेली होती.’ ती पोहायला गेली होती हे खरं आहे. पोलिसांत जाऊ की सोडून देऊ?

उत्तर : ताई, आधी मला सांगा, शस्त्रक्रियेच्या वेळी कानातून काढलेला स्टड कुठे आहे? घरात असेल तर तो धुऊ नका, स्पिरिटने पुसू नका. कोरड्या डबीत ठेवा, डबीवर तारीख लिहा, फोटो काढा. ‘टायटॅनियमचा आहे’ असं सांगून निकेल मिसळलेला स्वस्त स्टड घातला असेल, तर ते प्रयोगशाळेत कळू शकतं. अशा प्रकरणांत अशील माझ्याकडे येईपर्यंत हीच वस्तू बहुतेक वेळा कचऱ्यात गेलेली असते, म्हणून सुरुवात तिथून केली.

आता फॉर्म. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जन्मतारखेचा रकाना मुलीने स्वतःच्या अक्षरात भरलाय आणि तो स्पष्ट वाचता येतो. म्हणजे समोर बसलेली मुलगी कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची आहे हे त्यांना सही घेतानाच कळलेलं होतं. पालकाच्या सहीची जागा मात्र कोरी आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल असतो हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये सांगितलं, ते आजही कायम आहे. तेव्हा ‘जबाबदारी आमची नाही’ ही ओळ तिच्यावर बंधनकारक नाही. सही सज्ञान माणसाची असती, तरी मी हेच म्हटलं असतं की संमती कानाला भोक पाडायला होती, अस्वच्छ हत्यार वापरायला कोणी संमती दिलेली नव्हती.

‘करारच रद्द, मग तुम्ही ग्राहक कसल्या?’ असा उलटा पेच कोणी टाकेल. त्याची काळजी करू नका. पैसे तुम्ही दिलेत, सेवा मुलीने घेतली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पैसे देणारा आणि त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा असे दोघेही ग्राहक धरले आहेत, आणि अज्ञान ग्राहकाच्या वतीने आई-वडिलांना तक्रार करता येते. फोनवरून गेलेल्या पैशांची नोंद हाच व्यवहाराचा पुरावा. पावती न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तोही मुद्दा तक्रारीत घ्या.

खरी लढाई निष्काळजीपणा सिद्ध करण्याची आहे. ‘आपल्याकडे पिअर्सिंगसाठी वेगळा कायदाच नाही, मग आम्ही कोणता नियम मोडला?’ असा बचाव येईलच. सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत इजा करणारा निष्काळजीपणा थेट येतो, त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. काळजी किती घ्यायला हवी होती हे त्या व्यवसायातल्या मान्य पद्धतींवरून ठरतं, आणि त्या लेखी उपलब्ध आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेली ‘असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स’ ही अमेरिकेतली व्यावसायिकांची संघटना पुन्हापुन्हा वापरायच्या गनला साफ विरोध करते. ताज्या जखमेत घालायच्या टायटॅनियमसाठी ‘एएसटीएम एफ १३६’ हे मानक ती सांगते. युरोपीय संघात तर टोचलेल्या भागात घालायच्या दागिन्यातून किती निकेल सुटलेलं चालतं याची कायदेशीर मर्यादाच आहे, दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम. हे नियम आपल्या ग्राहक आयोगावर बंधनकारक नाहीत. पण जाणकार व्यावसायिक काय करतो हे दाखवायला ते पुरेसे आहेत.

गनचा मुद्दा थोडा समजून घ्या, कारण युक्तिवाद त्यावर उभा राहील. पिअर्सिंगची सुई पोकळ आणि धारदार असते, ती कापत जाते. गन स्प्रिंगच्या जोराने बोथट स्टड आरपार ढकलते. कानाच्या पाळीला ते एक वेळ सोसतं. वरच्या भागात कूर्चा असते, म्हणजे कानाला आकार देणारा कडक, लवचीक भाग. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, बाहेरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. पू साचला की हे आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कान आत वळतो. तुमच्या मुलीच्या कानाचं वर्णन याच्याशी जुळतं, पण हे मी लिहून चालणार नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तसं लेखी मत घ्या.

दुसरं, बऱ्याच गनचं अंग प्लास्टिकचं असतं, ते ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं ठेवल्यावर हत्यार निर्जंतुक होतं. दोन गिऱ्हाइकांच्या मधे स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. नुसत्या जंतुनाशकावर विसंबण्याचाही भरवसा नाही. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका दागिन्यांच्या स्टॉलवर गनने कान टोचून घेतलेल्यांना स्युडोमोनास जंतूची लागण झाली, आणि तपासात तोच जंतू तिथल्या जंतुनाशकाच्या बाटलीत सापडला.

म्हणून स्टुडिओला आधी वकिली नोटीस पाठवाल, तिच्यात नुसती नुकसानभरपाई मागू नका, कागद मागा. त्या दिवशीची ऑटोक्लेव्हची नोंद, ऑटोक्लेव्ह खरंच जंतू मारतो का हे पाहणाऱ्या स्पोअर टेस्टचे अहवाल, स्टडच्या पाकिटावरचा बॅच क्रमांक, टोचणाऱ्या व्यक्तीचं प्रशिक्षण. नीट चालणाऱ्या स्टुडिओत हे सगळं एका फायलीत असतं. मागूनही दिलं नाही, तर आपल्याकडचा पुरावा दडवणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढता येतं. हे तत्त्व भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये आहे. स्टड कोणी बनवला हे स्टुडिओला सांगता आलं नाही, तर ग्राहक कायद्याच्या कलम ८६ खाली सदोष मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. त्यांच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के निर्जंतुक’ वगैरे लिहिलेलं असेल तर स्क्रीनशॉट नोटीस पाठवायच्या आधी काढा. नोटीस पोचली की अशा ओळी गायब होतात.

आता पोहणं. ते लपवू नका. तक्रारीत तुम्हीच लिहा, म्हणजे उलटतपासणीत ते बाहेर काढण्याची मजा त्यांना मिळणार नाही. हा मुद्दा त्यांच्या बाजूने थोडा जड आहे, हेही सांगून ठेवतो. पुवाच्या तपासणीत स्युडोमोनास आला असेल तर तो जंतू पाण्यातही राहतो, आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका नुसत्या जखमेचाही असू शकतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांतले फोटो आणि मैत्रिणींना पाठवलेले मेसेज शोधा. या वयात नव्या कानातल्याचा फोटो काढल्याशिवाय कोणी राहत नाही. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत सूज दिसत असेल तर पोहण्याचा मुद्दा बराच ढिला पडेल. आणखी एक गोष्ट तपासा : ‘जखम भरेपर्यंत तलावात उतरू नका’ अशी लेखी सूचना दिली होती का? तुम्ही पाठवलेल्या कागदांत तरी ती नाही. फार तर भरपाईची रक्कम थोडी कमी होईल.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, स्टुडिओ कुठेही असो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तेव्हा तुम्हाला ते पडणार नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे वाढ नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मेसेज आणि फोटो जोडताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा, नाहीतर तेवढ्यावरून वेळ जातो.

पोलिसांत जायला कायद्याची आडकाठी नाही. निष्काळजीपणाने इजा करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येतं, आणि कान कायमचा विद्रूप झाला असेल तर ती गंभीर दुखापत ठरते असा युक्तिवादही करता येईल. पण फौजदारीत पुरावा संशयापलीकडे लागतो, आणि तुमच्याकडे तूर्त एक स्टड आणि काही फोटो आहेत. शिवाय फौजदारी तक्रार करून नंतर पैशांवर मिटवायला बसलात, तर तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. आधी नोटीस, मग आयोग. समोरून कागद आल्यावर पोलिसांचा विचार पुन्हा करू.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. हत्याराच्या स्वच्छतेबद्दल शंका असताना हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या रक्ततपासण्या राहता कामा नयेत. काही तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा कराव्या लागतात, त्या कधी ते डॉक्टर सांगतील. अहवाल चांगले येतील असं धरून चालू, तरी ते आणि त्यांची बिलं फाइलला लावा, खर्चाच्या मागणीत ती येतात. आणि मुलीला सांगा, प्रकरण चालू असेपर्यंत स्टुडिओचं नाव घेऊन समाजमाध्यमांवर काही लिहू नकोस.