मुलगा तिसरीत आणि ऑफर म्युनिकची

तुझा प्रश्न शनिवारी रात्री वाचला. रविवारी सकाळी पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचा पोषक द्रव, बदलायला लॅबमध्ये गेले, तरी तो डोक्यातून जाईना. पुण्यात पेशीजीवशास्त्रात पीएचडी झाली, म्युनिकजवळ मार्टिन्सरीडला दोन वर्षांच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या करारावरच्या संशोधनाची, ऑफर आहे, मे महिन्यात रुजू व्हायचंय. नवरा लेझरच्या आरशांवर कोटिंग करतो. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरी संपत आलीय. ‘ताई, यावं का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.’ अगं, पाच वर्षांपूर्वी आमच्या घरात नेमकी हीच माणसं होती. नवऱ्याचा धंदासुद्धा तोच.

व्हिसा, ब्लू कार्ड, आरोग्य विमा यांवर मी काही लिहीत नाही, ते सगळं दूतावासाच्या पानावर आहे. तिथे नसलेली एक गोष्ट मात्र सांगते. आपल्या पासपोर्टात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव एकाच रकान्यात असतं, आणि जर्मन माणसाच्या दृष्टीने त्या रकान्यात जे छापलंय ते सगळं त्या व्यक्तीचं स्वतःचं नाव. त्यामुळे माझ्या मुलाला पहिले तीन महिने वर्गात त्याच्या आणि बापाच्या जोडनावाने हाक मारत. त्याला वाटायचं, बाबा आलेत की काय. माझ्या विम्याच्या कार्डावर मधोमध नवरा, लॅबच्या दारावरच्या पाटीवर मधोमध नवरा. माझी बॉस एकदा अगदी गंभीरपणे म्हणाली, ‘तुमच्याकडे बायकांनाही पुरुषांची नावं ठेवतात, हे मला आवडलं.’ निघायच्या आधी पासपोर्ट नीट करता आले तर करून घ्या.

आणि जन्मदाखला. आपला दाखला दोन भाषांत असतो, मराठीखाली तेच इंग्रजीत. एका कार्यालयात (कुठलं ते विचारू नकोस) बाईंनी तो परत केला, कारण पानावर छापलेला शब्द न् शब्द शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये आलेला हवा. म्हटलं, अहो, मराठी आणि इंग्रजी मजकूर एकच आहे. त्या म्हणाल्या, ‘ते तुम्ही म्हणता.’ मग शिक्क्यातल्या सिंहांखालच्या ओळीवर बोट ठेवून, ‘आणि हे काय आहे?’ ‘सत्यमेव जयते’चं प्रमाणित जर्मन भाषांतर आमच्या घरी फायलीत आहे. तेव्हा मी ट्राममध्ये रडले होते, आता पाहुण्यांना दाखवते.

नवऱ्याचं सांगते. काम मिळेल, याबद्दल मला शंका नाही. कधी, ते सांगता येत नाही. माझा नवरा १४ महिने घरी होता. म्युनिकच्या उत्तरेला गार्शिंग म्हणजे लेझरवाल्यांची पंढरीच. फेरेन्झ क्राउझ यांना २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते अॅटोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग टिकणाऱ्या प्रकाशाच्या, कामासाठी, आणि त्यांची संस्था तिथे आहे. त्या कामाच्या मुळाशी एक आरसा आहे, १९९४ मध्ये बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या लोकांनी मिळून केलेला. तुझ्या नवऱ्याला तो माहीत असणार, तुला मी माझ्या शब्दांत सांगते. लेझरच्या अगदी छोट्या स्पंदात, म्हणजे प्रकाशाच्या क्षणभराच्या झोतात, पुष्कळ रंग असतात. काचेतून जाताना लाल पुढे पळतो, निळा मागे रेंगाळतो आणि स्पंद पसरट होतो. या आरशावर सिलिका आणि दुसऱ्या एखाद्या ऑक्साइडचे पातळ थर आलटून पालटून देतात. साध्या आरशात थरांची जाडी ठरलेली असते, इथे ती हळूहळू बदलत नेतात, म्हणजे लाल रंग आत खोलवर जाऊन उशिरा परततो आणि निळा वरूनच फिरतो. पळणाऱ्याला लांबच्या रस्त्याने पाठवून सगळ्यांना एकत्र आणायचं. थर किती जाड? ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी सिलिकाचा पाव तरंगलांबीचा थर १३८ नॅनोमीटरच्या आसपास येतो. असे कित्येक थर एकावर एक, निर्वातात, तासन्‌तास, आणि मध्येच एक नॅनोमीटर चुकला तर सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. हे काम येणारा माणूस उपाशी मरत नाही. फक्त त्याच्यासाठी येना आणि हॅनोवरही मोजा. आरशांची मोठी कामं तिथेही चालतात. पण मग तू इथे, तो तिथे, आणि संसार शनिवार-रविवारचा. आमच्या ओळखीत अशी तीन घरं आहेत. दोन बरी चाललीत.

आमचं नशीब म्हणजे त्याला शेवटी गार्शिंगलाच काम मिळालं. U६ मेट्रोच्या उत्तर टोकाला तो, दक्षिण टोकाला उतरून बसने पुढे मी. टोकापासून टोकापर्यंत पाऊण तास, आणि मधल्या एका स्टेशनाजवळ घर आणि मुलाची शाळा. कागदावर हे फार छान दिसतं. पण प्राथमिक शाळा दुपारी एकच्या आत सुटते. दुपारी मूल सांभाळणाऱ्या ठिकाणी जागा मिळायला आम्हाला वर्ष लागलं. ऑफर स्वीकारायच्या आधी पगारावर घासाघीस करू नकोस, तो तक्त्याप्रमाणेच मिळतो. ‘दुपारी मुलाची सोय करून द्याल का,’ हे विचार. मी लाजले, विचारलं नाही. पोस्टडॉकने पहिल्याच पत्रात मुलाचं काय काढायचं, असं वाटलं.

एकटेपणाबद्दल विचारलंस. असतो. कढीपत्ता मिळतो, मंडळाचा गणपती असतो, आईशी रोज व्हिडिओवर बोलणं होतं. पुढे जाऊ.

शाळेचं मात्र नीट वाच. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे सर्वांत चांगलं आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे सरळ विद्यापीठाची वाट. २.६६ पर्यंत रेआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्याच्या पलीकडे तिसऱ्या प्रकारची शाळा. मे महिन्याच्या सुरुवातीला दाखला हातात येतो. तोवर नऊ-दहा वर्षांचं मूल घरी आकडे मोजत असतं.

माझा मुलगा तिसरीच्या मध्यावर, फेब्रुवारीत आला, तेव्हा जर्मनचा एक शब्द येत नव्हता. चौथीत गणितात १, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. बेरीज ८, भागिले ३, २.६६. रेआलशुले. मी तो कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि कॅल्क्युलेटरवर पुन्हा भागाकार केला. पेशीजीवशास्त्रात डॉक्टरेट असलेली बाई आठाला तीनाने दोनदा भागत होती. मुलगा विचारत होता, ‘आई, गणितातला एक चांगला ना गं?’

तीन दिवसांची एक चाचणी देऊन वर चढायची सोय असते. त्याने दिली, नाही जमली. त्या तीन दिवसांत त्याने रोज सकाळी न सांगता केसांना तेल लावून भांग पाडला होता. पुण्याला परीक्षेच्या दिवशी आजी लावायची तसा.

दोन वर्षांनी कॅन्टीनमध्ये एका तुर्की सहकाऱ्याकडून कळलं की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे. भाषेची कच्ची बाजू भरून निघण्यासारखी असेल तर ३.३३ पर्यंत सरासरी असली तरी शाळा गिम्नाझिउमची शिफारस करू शकते. तीन पूर्णांक तेहतीस! माझा चमचा सूपमध्येच राहिला. त्या शाळेवर मी इतकी संतापले की त्या रस्त्याने जाणं सोडलं. कोणी सांगितलं नाही, परदेशी म्हणून मुद्दाम दडवलं, असं भेटेल त्याला सांगत सुटले. मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा.

आता जे लिहितेय ते मंडळात सांगितलेलं नाही.

चौथीच्या सुरुवातीला शाळेने पालकांसाठी या सगळ्यावर एक संध्याकाळ ठेवली होती. चिठ्ठी घरी आली होती. त्याच संध्याकाळी मला सूक्ष्मदर्शकावर वेळ मिळाली होती, तीन आठवडे रांगेत थांबून. पेशी विभागताना रात्रभर टिपायच्या होत्या, गुणसूत्रांना हिरवा चमकणारा प्रथिनाचा टिळा लावलेल्या. अशा पेशी तुझ्यासाठी थांबत नाहीत, तुलाही माहीत आहे. ताटलीला चिकटलेली चपटी पेशी एकाएकी गोल होते, गुणसूत्रं मध्ये येऊन रांग धरतात, आणि तासाभरात एकीच्या दोन. नवऱ्याला फोन केला, तर त्याचं कोटिंग सुरू होतं, थर अर्धे झालेले, यंत्र सोडून येता येईना. म्हटलं जाऊ दे, इतकं काय असणार, कागद देतीलच. कागद दिलाही त्यांनी. चार पानी, जर्मनमध्ये. तो त्या ‘सत्यमेव जयते’च्याच फायलीत होता. कॅन्टीनमधल्या त्या दिवसानंतर काही महिन्यांनी विम्याचं काहीतरी शोधताना सापडला. नियम तिसऱ्या पानावर होता.

ती फिल्म अप्रतिम आली होती. आमच्या पेपरातली तिसरी आकृती तीच. परिषदेत ती पडद्यावर येते तेव्हा मी लोकांकडे बघून बोलते.

गंमत बघ, त्या सूक्ष्मदर्शकाच्या पोटातही नवऱ्याच्याच जातीचा आरसा आहे. ४५ अंशांत तिरका बसवलेला, एक-दोन मिलिमीटर जाडीचा. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर परतवून पेशींवर टाकतो आणि पेशींकडून आलेला हिरवा प्रकाश आरपार जाऊ देतो. इथेही तेच, थरावर थर. नवरा पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये आला तेव्हा पेशींकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आरसा काढून दाखवायला लावला आणि कोणीतरी टिश्यूने पुसून त्यावर ओरखडे पाडलेत म्हणून दुपारभर हळहळत होता. तो कधीकधी हिंगोलीचं काढतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतेय, ४ किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. ‘तिथे आरसे बसवायच्या वेळी मी असायला हवं,’ म्हणतो. मी म्हणते, तोवर मुलगा कुठल्या इयत्तेत असेल ते सांग. पूर्वी मी हे विचारत नसे.

आणखी एक, तेही माझ्याच माथ्यावर. आम्ही आलो तेव्हा मुख्याध्यापिका स्वतःहून म्हणाल्या होत्या, दुसरीत बसवूया, भाषा पक्की होईल. मी इतकी दुखावले! माझा मुलगा, वर्गात पहिल्या तीनांत येणारा, एक वर्ष मागे? आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ हे शब्द माणूस गेल्यासारखे उच्चारतात. मी ठाम नाही म्हणाले, तोडक्या जर्मनमध्ये, तीनदा. इथे अर्धा वर्ग वेगवेगळ्या वयाचा असतो आणि कोणी मोजत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. पेशी गोठवताना आपण मिनिटाला एक अंश अशा बेताने तापमान उतरवतो, कारण घाई केली की आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटते. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. मुलाला पुण्याहून उचलून अकरा दिवसांत परक्या बाकावर बसवलं, तेव्हा आठवलं नाही.

तेव्हा तुझ्यापुरतं सांगते. मेमध्ये येऊ नकोस. मेमध्ये आलीस तर तुझा मुलगा तिसरीचे शेवटचे दोन-अडीच महिने बघेल आणि सप्टेंबरला थेट चौथीत, आकडे मोजायच्या वर्षात. प्रयोगशाळेला पत्र लिही की सप्टेंबरला येते. चार महिन्यांनी ऑफर सहसा पळून जात नाही, आणि पळालीच तर ती तशीच होती म्हण. आल्यावर त्याला पुन्हा तिसरीत घालायला सांग. आणि पालकांच्या संध्याकाळी, पेशी मेल्या तरी चालेल, जा.

तुझी स्वतःची नोकरी? पीएचडीनंतर अशा मुदतीच्या करारांना इथल्या कायद्याने साधारण ६ वर्षांची मर्यादा आहे, मुलामागे २ वर्षं वाढू शकतात. कायम जागा फार थोड्या. माझी पाच संपली. यावर जास्त लिहिलं तर मला रात्री झोप येणार नाही.

मुलगा आता आठवीत आहे, तांत्रिक शाखा घेतलीय. दहावीनंतर आणखी दोन-तीन वर्षांची वेगळी शाळा करून त्यालाही विद्यापीठात जाता येतं. वाट बंद नाही, हे मी रोज स्वतःला सांगते. तो बाबांकडून बाद झालेले आरसे आणतो आणि खिडकीत ओळीने लावतो. समोरून नारिंगी दिसतात, आरपार पाहिलं की निळसर. परवा धीर करून त्याला त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं, फिल्म, चार पानी कागद, तिसरं पान. तो आरसा पुसत होता. म्हणाला, ‘आई, मी आठवीत आहे. तूच अजून चौथीत बसलीयेस.’ मग जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला, ते मला नीट कळलं नाही.

शुक्रवारच्या आत आणखी काही विचारायचं असेल तर विचार. नवऱ्यालाही बोलायचं असेल तर माझा नवरा तयार आहे, दोघं आरशांवरच बोलत बसतील, तेव्हा नोकरीचं विचारायचं आधी लिहून दे. फक्त रविवारी सकाळी नको. तेव्हा मी लॅबमध्ये असते.