चौकातली रोषणाई मध्यरात्री का विझते?

प्रश्न: हिवाळी सुट्टीत आम्ही रहिवासी आणि दुकानदार मिळून चौकातल्या झाडांवर दिव्यांच्या माळा सोडतो. दव पडलं की सगळा चौक अंधारात. माळा नव्या आहेत, मग बिघडतं काय?

उत्तर: बहुधा माळ नव्हे, जोड. प्लगच्या सांध्यात ओल शिरली की करंट गळतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच, पडतो. तो त्याचं कामच करतोय. त्याला बगल देऊन जोडणी करू नका. जोड जमिनीपासून वर टांगा, वायरला जोडाखाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळण्याची हौस मात्र सोडा, आत दमटपणा कोंडतो. माळ किमान आयपी४४ दर्जाची, म्हणजे कुठूनही उडणाऱ्या पाण्याला तोंड देणारी हवी. झाडाला खिळे नकोत. माळा दोन-तीन आरसीसीबींवर वाटल्या तर एका ओल्या जोडापायी अख्खा चौक विझणार नाही.