ठाण्यात डे-केअर लायपोसक्शन : बहिणीला पाठवायचं का?

तुम्ही लिहिलंय : बहीण ३८ वर्षांची, वजन ७० किलो, घोडबंदर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये पोट आणि कंबरेचं लायपोसक्शन ठरलंय. "सकाळी या, संध्याकाळी घरी" असं सांगितलंय. पाठवावं का, आणि काय विचारून घ्यावं?

मी भूलतज्ज्ञ आहे. एका हॉस्पिटलची नाही, बॅग घेऊन नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि कधी कळव्याचा पूल ओलांडून ऐरोली-वाशीला फिरणारी. त्यामुळे एकाच आठवड्यात झकास ओटीही बघते आणि दारातूनच परत फिरावंसं वाटावं अशा खोल्याही.

ऑपरेशन तसं वाईट नाही. तब्येत धड असेल आणि बेताची चरबी काढली तर बहुतेक वेळा नीट पार पडतं. सगळ्यांना भीती वाटते त्या आत-बाहेर होणाऱ्या नळीची. मला धास्ती बाटल्यांची.

चरबी ओढण्याआधी ती भिजवतात. एक लिटर सलाइनमध्ये लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, आणि रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या ॲड्रिनलीनचा एक ॲम्प्युल. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ही पद्धत रूढ केली आणि रक्त जाणं एकदम कमी झालं. आता हिशेब बघा. दोन टक्क्यांची ३० मिलीची एक बाटली म्हणजे ६०० मिलिग्रॅम लिग्नोकेन. एरवी ७० किलोच्या माणसाला, ॲड्रिनलीन घातलेलं असलं तरी, आम्ही ५००च्या आत थांबतो. इथे ते खूप पातळ असतं, चरबीतून सावकाश रक्तात उतरतं, म्हणून किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे तुमच्या बहिणीला जास्तीत जास्त चार बाटल्या. काही जण किलोमागे ५५पर्यंत जातात. छोट्या क्लिनिकमध्ये मी जाऊ देत नाही.

माझ्याबरोबर एक सिस्टर असायच्या, त्या रिकाम्या बाटल्या कधी फेकायच्या नाहीत. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ओळीने उभ्या करून ठेवायच्या. एकदा सर्जन म्हणाले, "अजून एक लिटर बनवा, डावी बाजू राहिलीय." बाई काही बोलल्या नाहीत, पायाने ट्रॉली जरा पुढे सरकवली. सर्जननी खाली बघितलं आणि डावी बाजू पुढच्या खेपेवर टाकली.

आता खरी मेख. हे लिग्नोकेन रक्तात सगळ्यात जास्त चढतं ते साधारण १२ तासांनी. सकाळी नऊला टोचलेलं रात्री नऊला. तोवर पेशंट घरी, सोफ्यावर, मऊ भात खाऊन टीव्हीपुढे. ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूची चव लागते, कानात गुणगुण होते, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, भूल उतरतेय, झोप तू. त्याची पुढची पायरी म्हणजे फिट. यावर २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे तेलाचं दुधासारखं द्रावण, शिरेतून देतात, पण ते हॉस्पिटलात. म्हणून ती रात्र तिथेच काढायला मिळते का, ते आधी विचारा. पाच लिटर किंवा त्याहून जास्त चरबी-पाणी काढणार असतील, तर मग विचारायचंही नाही, आयसीयू असलेलं हॉस्पिटलच हवं.

ती घेते त्या सगळ्या गोळ्या सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना दोघांनाही दाखवा, पुड्यांसकट. एरिथ्रोमायसिन, काही बुरशीची औषधं, डिप्रेशनच्या काही गोळ्या लिग्नोकेन शरीरातून बाहेर पडू देत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात गुठळी व्हायची शक्यता वाढते, त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनीच ठरवावं. गुठळी फुप्फुसात जाणं हे लायपोसक्शननंतरच्या मृत्यूंमागचं एक मोठं कारण. म्हणून ऑपरेशन चालू असताना पायांना हवा भरून पोटऱ्या दाबणारे पट्टे, आणि त्याच संध्याकाळी धरून का होईना, पॅसेजमध्ये दोन चकरा.

सर्जन एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहेत का, ते महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर बघा. १९४९च्या नर्सिंग होम कायद्याखालचं महापालिकेचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, नसेल तर मागा. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी बसणार का, हेही विचारा. टोचून निघून जाणारे नकोत.

आणि हो, लिफ्ट बघा. हसू नका. गेल्या वर्षी एका कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये चौथ्या मजल्यावर मला बोलावलं होतं. ओटी चकाचक, पण लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जाईना आणि जिना वळणाचा. मी विचारलं, काही झालं तर पेशंट खाली कसा नेणार? "मॅडम, आजवर गरज नाही पडली." मी बॅग उचलली. पेशंटचे घरचे माझ्यावरच चिडले, तारीख वाया गेली म्हणून.

घरी आल्यावर छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपतं, चादर ओली होते. त्याला घाबरू नका, भिजवलेलं पाणीच बाहेर येतंय. खाली प्लास्टिक आणि जुनी चादर घाला. पण पोट दगडासारखं कडक झालं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, ताप आला, धाप लागली किंवा एकच पोटरी सुजली, तर दुखण्याची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. नळीने आतड्याला भोक पडलं असेल तर कधी कधी ते दुसऱ्या दिवशी कळतं. रात्री फोन कोण उचलणार, त्यांचं नाव आणि नंबर सही करायच्या आधीच लिहून घ्या. रिसेप्शनचा नंबर चालणार नाही, आठनंतर तिथे कुणी नसतं.