ठोसेघरला कॅमेरा घेऊन जाताना
पहिल्यांदाच जातोयस ना, मग ऐक. साताऱ्याहून वीसेक किलोमीटर. धबधबा दरीपलीकडे, आपण समोरच्या कठड्याशी. वाइड लेन्सने तो नुसता दोरा दिसतो. ७०-२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घे, कॅमेरा उभा धर.

खरी डोकेदुखी धुक्याची. दरीतून वर येतं नि बघता बघता सगळं पांढरं. फोकस आधीच मॅन्युअलवर लावून ठेव आणि थांब. धुक्याचा पडदा सरकला की अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावून. पाणी दुधासारखं येतं. (मला मात्र १/५०० सेकंदाला सुटे दिसणारे थेंबच आवडतात.) ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस, वाऱ्यात थरथरतो. लेन्स पुसायला दोन फडकी ने, एक भिजतंच. कठड्यापलीकडच्या शेवाळलेल्या कातळावर मात्र पाय टाकायचा नाही. फ्रेम तीच मिळते रे.