पंपाचं मॉडेल इमारतीत बसवताना

प्रश्न : इमारतीच्या पाणीपुरवठ्यासाठी निवडलेल्या पंपसेटची स्टेप फाइल (त्रिमितीय मॉडेलची देवाणघेवाणीची फाइल) उत्पादकाकडून मिळाली. तिच्यावरून रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅमिली (पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक) केल्यापासून ते अडखळतं. प्लॅनमध्ये पंपाच्या जागी रेघांचा काळा गिचका दिसतो आणि पाइप जोडता येत नाही. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही फाइल कारखान्यात पंप बनवण्यासाठी काढलेली असते. इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), शाफ्ट, बेअरिंग, सील, बोल्टचे आटे, बॉडीवर उठवलेलं नावसुद्धा तिच्यात असतं. पंपरूमच्या ड्रॉइंगला यातलं काहीच लागत नाही. तिथे बेसफ्रेमचा आकार, फाउंडेशन बोल्टच्या जागा, दोन्ही फ्लँज (पाइप जोडायच्या कडा), टर्मिनल बॉक्स, एकूण उंची आणि दुरुस्तीसाठी सोडायची जागा लागते. या गोष्टी मात्र अगदी मापात हव्यात.

साफसफाई रेव्हिटमध्ये आणण्याआधी करा. इन्व्हेंटर (यंत्रांचं डिझाइन करण्याचं सॉफ्टवेअर) असेल तर असेंब्लीत ‘सिम्प्लिफाय’ वापरा. आधी सुटे भाग काढा, मग भोकं, शेवटी फिलेट, म्हणजे गोलावलेल्या कडा. नट-बोल्ट आणि वॉशर आकाराची मर्यादा देऊन एकदम गाळता येतात. ४० मिमीपासून सुरुवात करून पाहा. आतले भाग आपोआप काढण्यावर विसंबू नका. फ्लँजचं तोंड उघडं असलं की इम्पेलर बाहेरून ‘दिसतो’ आणि बऱ्याचदा तसाच राहून जातो. तो हाताने वगळा आणि दोन्ही तोंडं सपाट चकतीने बुजवा. मोटरच्या फिन्स एकेक काढत बसण्यापेक्षा त्या जागी एक सिलिंडर ठेवा. त्याचा व्यास फिन्सच्या टोकांपर्यंतचा घ्या, नाहीतर भिंतीपासूनचं अंतर कागदावर जास्त दिसेल आणि जागेवर कमी भरेल.

फिलेट काढताना शेजारचे पृष्ठभाग वाढून एकमेकांना मिळाले नाहीत, तर कमांड अडते. पंपाच्या गोगलगायीसारख्या केसिंगवर हे हमखास होतं. तिथे झटापट करू नका. एक जाड चकती आणि दोन नळ्या रचून केसिंग नव्याने उभं करा. बारीक कडा राहू दिल्या तर पुढे त्रास होतो, कारण साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान कड रेव्हिटला चालत नाही.

मग सॅट फाइल (घन आकारांची फाइल) एक्स्पोर्ट करा आणि मेकॅनिकल इक्विपमेंटच्या फॅमिलीत आणून एक्स्प्लोड करा, म्हणजे सुट्या आकारांत मोडा. थेट प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट कधीही करू नका. पंप २५.४ पट मोठा किंवा लहान आला, तर इंच-मिलिमीटरचा घोटाळा आहे. आडवा पडला, तर मूळ फाइलमध्ये वरची दिशा झेडऐवजी वाय आहे. ओरिजिन बेसफ्रेमच्या तळाशी, सक्शनच्या (पाणी आत घेणाऱ्या तोंडाच्या) मध्यरेषेखाली ठेवा.

पाइप जोडला जात नाही, कारण फॅमिलीत कनेक्टर (पाइप जोडण्याचा बिंदू) नाही. दोन्ही फ्लँज रेव्हिटमध्येच एक्स्ट्रूजनने (सपाट आकृतीला जाडी देऊन) तयार करा आणि त्यांच्या तोंडावर कनेक्टर बसवा. ६५-४०-२०० पंपात सक्शन ६५, डिस्चार्ज (पाणी बाहेर सोडणारं तोंड) ४०, आणि २०० म्हणजे इम्पेलरचा नाममात्र व्यास. सक्शनला प्रवाह ‘इन’, डिस्चार्जला ‘आउट’. कनेक्टर त्रिज्येवर आहे की व्यासावर, हे नक्की पाहा. इथे चुकलं तर पाइप दुप्पट किंवा निम्मा येतो.

गिचका घालवायचा तर प्लॅनसाठी सिम्बॉलिक रेषा (फक्त चिन्हापुरत्या रेषा) आखा आणि त्या दृश्यात घन आकार बंद ठेवा. तपशिलाच्या कोर्स आणि मीडियम पातळीवर रेव्हिट पाइप एकेरी रेषेतच दाखवतं, म्हणून तपशील फक्त फाइनला ठेवा. बॅक पुल-आउट (आतला भाग मागून बाहेर ओढता येणाऱ्या) पंपाला दुरुस्तीची जागा वेगळ्या सबकॅटेगरीत पारदर्शक ठोकळ्याने दाखवा. पंपरूममध्ये सर्वात आधी बळी जातो तो याच जागेचा.

प्रश्न : आम्ही पंप बनवतो. टेंडरमध्ये ‘एलओडी ४००’ (एलओडी म्हणजे मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी) मागितलं आहे. पूर्ण असेंब्ली द्यावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : देऊ नका. इम्पेलरच्या पात्यांचा आकार ही तुमच्या कष्टाची कमाई आहे. ती फाइलबरोबर कुणाच्याही हाती जाईल. एलओडी ४०० इमारतीतल्या त्या घटकाचं फॅब्रिकेशन आणि उभारणी करता येईल इतका तपशील मागतं. पंपाचं पोट उघडून दाखवायला सांगत नाही. पंपरूमच्या समन्वयासाठी बहुधा ३५० पुरतं, कारण त्यात आधार आणि जोडण्या येतात. सल्लागाराला लेखी विचारा : नेमकी कोणती मापं हवीत? सोबत वजन, किलोवॅट आणि मॉडेल क्रमांक पॅरामीटरमध्ये भरून द्या. पॅरामीटरच्या चौकटी आखलेल्या पण आत रिकाम्या असलेल्या फॅमिली आम्ही फार पाहतो.

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ‘डेसिमेट’ करून पंपाच्या मॉडेलची त्रिकोणांची जाळी १० टक्क्यांवर आणली तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फाइल हलकी होईल, पण गोल फ्लँज वेडावाकडा बहुभुज बनतो, त्याचा मध्य सरकतो आणि सेक्शनमध्ये त्रिकोणांच्या रेघा उमटतात. शोभेच्या खुर्चीला चालेल, पाइप जोडायच्या यंत्राला नाही. इन्व्हेंटर नसेल तर मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये स्टेप फाइल उघडा, फ्लँजच्या मध्यांची आणि बेसफ्रेमची मापं घ्या आणि रेव्हिट फॅमिलीत पंप नव्याने तयार करा. पंपसेटला आठ-दहा एक्स्ट्रूजन पुरतात.